सोडतीचा आंकडा गणितानें सांपडतो काय?



गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एका उपदेशक बंधूचें पत्र मला आलें. त्यांत मंडळीच्या कारभाराच्या दोनचार गोष्टी होत्या, आणि शेवटीं, जणूं सहज आठवली म्हणून, एक ओळ होती कीं, "आपल्या मंडळीचा हिशेब जो तरुण ठेवतो तो संगणकावर लॉटरीचे आंकडे काढीत बसतो असें कळतें, तरी अशा माणसाच्या हातीं देवाच्या घरचा पैसा ठेवावा कीं काढून घ्यावा, याविषयीं आपला अभिप्राय कळवावा." या पत्राला चार शब्दांत उत्तर देतां आलें असतें. जुगार वाईट, जुगाऱ्याच्या हातीं दानाची थैली देऊं नये, कळावें. परंतु तें उत्तर मीं लिहिलें नाहीं. तो तरुण माझ्या ओळखीचा. त्याचा बाप्तिस्मा मींच केलेला. त्याला जुगारी म्हणण्यास माझी लेखणी पुढें सरेना, आणि ती कां सरत नाहीं हेंही मला नीट सांगतां येईना. म्हणून मी त्याच्या गांवीं गेलों.

तो साखर कारखान्याच्या कचेरींत कारकून आहे. वडील लहानपणींच वारले. आई अजून दुसऱ्याच्या शेतांत खुरपणीला जाते. मी पोहोंचलों तेव्हां दिवेलागण झाली होती व ती परतली नव्हती. त्यानें कांहींएक आढेवेढे न घेतां आपली संगणकावरील वही उघडून मजपुढें ठेविली, आणि तोंडावर लाज नव्हती. उलट, शाळेंतला हुशार मुलगा पाटी दाखवितो तसा भाव होता.

या वहीला स्प्रेडशीट म्हणतात. ज्यांनीं ती पाहिली नसेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. उभ्याआडव्या रेघांनीं पाडलेल्या चौकटींचा तो एक लांबरुंद तक्ता असतो. चौकटींत आंकडा मांडतां येतो. आणि आंकड्याऐवजीं सूत्र लिहिलें तर त्याचें उत्तर तेथें आपोआप उमटतें. बेरजेचें सूत्र तर आतां आमच्या पुष्कळ उपदेशकांस ठाऊक आहे. दुसरें एक सूत्र आहे, त्याला काउंटइफ म्हणतात; अमक्या रकान्यांत अमुक अंक किती वेळां आला तें मोज, असें त्याला सांगावयाचें. हजारों ओळी असल्या तरी पापणी लवण्याच्या आंत तें मोजून देतें, आणि चुकत नाहीं. आमच्या तरुणानें कित्येक वर्षांच्या सोडतींचे निकाल उतरवून घेतले होते, पहिल्या बक्षिसाच्या तिकिटाचे शेवटचे चार अंक चार रकान्यांत मांडले होते, आणि शून्यापासून नवापर्यंत प्रत्येक अंक कोणत्या जागीं किती वेळां आला व शेवटचा येऊन किती दिवस झाले, हें सूत्रांनीं काढलें होतें. काम इतकें नीटनेटकें होतें कीं मला कौतुक वाटल्यावांचून राहिलें नाहीं.

कांहीं अंक तांबड्या रंगांत होते, कांहीं निळ्या. तांबडे ते, जे अलीकडे वारंवार आले. त्यांस तो "गरम" म्हणे. निळे ते, जे पुष्कळ दिवसांत आले नाहींत, ते "थंड". मीं विचारलें, "तूं यांतले कोणते घेतोस?" तो म्हणाला, "दोन्ही, पाद्रीसाहेब. गरम अंक जोरांत आहे म्हणून येतो, आणि थंड अंकाची पाळी आलेली असते म्हणून येतो."

वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. एक साक्षीदार म्हणतो, जो वारंवार आला तोच पुन्हां येईल. दुसरा म्हणतो, जो आला नाहीं तोच आतां येईल. दोघे परस्परविरुद्ध बोलत आहेत आणि ऐकणारा दोघांसही खरे मानतो. मग कोणताही अंक निघाला तरी एकाची साक्ष खरी ठरणारच, आणि वही कधींच खोटी पडणार नाहीं. जी वही कधीं खोटी पडूं शकत नाहीं ती कांहीं सांगतही नाहीं. परंतु हें त्या तरुणाला सुचलें नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर मलाही घरीं परततांना वाटेंत सुचलें.

मोजणें हें कांहीं पाप नव्हे. आमचा शेतकरी मृगाचा पाऊस गेल्या दहा वर्षांत किती वेळां वेळेवर पडला याची आठवण ठेवतो, आणि त्यावरून पेरणीचा विचार करतो. त्याचें करणें शहाणपणाचें आहे, कारण पावसाला कारणें आहेत. समुद्र तापतो, वारे वळतात. आजच्या आभाळाचा उद्यांच्या पावसाशीं संबंध असतो. सोडतीचें यंत्र मात्र मुद्दाम असें घडविलेलें असतें कीं कालच्या सोडतीचा आजच्या सोडतीशीं कसलाही संबंध राहूं नये. तो संबंध राहिला तर यंत्र बिघडलें असें समजतात. फिरणाऱ्या पेटींतल्या चेंडूला स्मरण नाहीं. आपण पुष्कळ दिवसांत वर आलों नाहीं, आतां आलें पाहिजे, असें त्याला वाटत नाहीं. तो कोणाचें देणें लागत नाहीं.

ही चूक आमच्या खेड्यांतल्या कारकुनाचीच आहे असें कोणी समजूं नये. फ्रान्सचा थोर गणिती लाप्लास यानें १८१४ साली प्रसिद्ध केलेल्या संभाव्यतेवरील निबंधांत लिहून ठेवलें आहे कीं, त्याच्या देशाच्या सोडतींत एखादा अंक फार दिवस निघाला नाहीं म्हणजे लोक त्याच अंकावर पैसे लावण्यास धांवत. त्यानंतर जवळजवळ दोनशें वर्षांनीं इटलींत काय घडलें तें ऐका. त्या देशांत सरकारी सोडत फार जुनी आहे; निरनिराळ्या शहरांच्या नांवांचीं चक्रें असतात, आणि प्रत्येक चक्रांतून नव्वद अंकांपैकीं पांच अंक काढतात. २००३ सालच्या मे महिन्यापासून व्हेनिसच्या चक्रावर ५३ हा अंक येईना. आठवडे गेले, महिने गेले. जसजसा उशीर होई तसतशी लोकांची खात्री वाढे कीं आतां तो येणारच. उशीर झालेल्या अंकांच्या याद्या तेथें पूर्वींपासून निघत असत. त्या याद्यांवर लोकांच्या उड्या पडल्या. माणसांनीं साठविलेला पैसा लावला, कर्ज काढून लावला. एकशें ब्यायशी सोडती होऊन गेल्यावर ९ फेब्रुवारी २००५ रोजीं ५३ निघाला. तोंवर त्या एका अंकावर साडेतीन अब्ज युरोंच्या आसपास रक्कम लागली होती असा अंदाज त्यावेळीं प्रसिद्ध झाला. आणि त्यापायीं कित्येक कुटुंबें बुडाल्याच्या व माणसांनीं जीव दिल्याच्या वार्ता वर्तमानपत्रांत आल्या.

गणित काय सांगतें? नव्वदांतून पांच, म्हणजे कोणताही अंक येण्याची आशा दर सोडतींत अठरांत एक. पहिल्या दिवशीं अठरांत एक, आणि एकशें ब्यायशी वेळां हुकल्यानंतरही अठरांत एकच. एखादा ठरलेला अंक लागोपाठ एकशें ब्यायशी वेळां हुकणें ही गोष्ट विरळा खरी. तेहतीस हजारांत एकदां घडावी इतकी विरळा. परंतु त्या वेळीं चक्रें दहा होतीं व प्रत्येकावर अंक नव्वद. म्हणजे नऊशें अंकांवर लोकांची नजर, तीही वर्षानुवर्षें. इतक्या मोठ्या शेतांत कोठें तरी एखादें कणीस विलक्षण निघावें यांत नवल नाहीं. लोकांनीं तें कणीस तेवढें पाहिलें, शेत पाहिलें नाहीं.

उलट दिशेचा दाखला बल्गेरियाचा. २००९ सालच्या सप्टेंबरच्या ६ तारखेस तेथें ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे सहा अंक निघाले. पुढची सोडत १० तारखेस झाली, आणि तेच सहा अंक पुन्हां निघाले. देशभर गवगवा झाला, सरकारनें चौकशी नेमली, लबाडी आढळली नाहीं. गंमत ही कीं दुसऱ्या खेपेस अठरा जणांनीं तेच अंक लावले होते, आणि बक्षीस त्या अठरांत वांटलें गेलें. अंक निवडण्यांत माणसाचें चातुर्य कोठें चालत असेल तर तें एवढ्याच ठिकाणीं: इतरांनीं जे घेतले नाहींत ते घ्यावे, म्हणजे चुकून बक्षीस लागलेंच तर वांटेकरी थोडे. इंग्लंडांत १४ जानेवारी १९९५ च्या सोडतींत मोठ्या बक्षिसाचे वांटेकरी एकशें तेहतीस निघाले होते. त्या वेळीं तेथें एकोणपन्नासांतून सहा अंक काढीत. त्यांच्या निरनिराळ्या जुळण्या होतात १,३९,८३,८१६. दर आठवड्यास एक तिकीट घेणाऱ्यानें तितकीं तिकिटें घ्यावयाचीं म्हटलीं तर दोन लाख अडुसष्ट हजारांहून अधिक वर्षें लागतील.

मग सोडतींत खरोखर कधींच नियम सांपडत नाहीं काय? सांपडतो, पण तेव्हां पोलिसांस बोलवावें लागतें. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया प्रांतांत २४ एप्रिल १९८० रोजीं ६६६ हा आंकडा निघाला, आणि पुढें उघडकीस आलें कीं चार व सहा सोडून बाकीच्या चेंडूंत रंग भरून ते जड केले होते. अलीकडे आयोवा प्रांतांत एडी टिप्टन नांवाच्या गृहस्थानें, जो सोडतीच्या संगणकांच्या सुरक्षिततेवरच नेमलेला होता, यंत्राच्या आज्ञावलींत असा फेर करून ठेवला कीं वर्षांतील ठराविक दिवशीं निघणारे अंक त्याला आधीं ओळखतां यावेत. २०१७ साली त्याला पंचवीस वर्षांपर्यंतची शिक्षा झाली. तेव्हां ज्याच्या वहींत खरा नियम दिसेल त्यानें तिकीट घेण्यापूर्वीं विचार करावा कीं, आपणांस दिसतो तो कोणाचा तरी अपराध तर नव्हे?

पुढच्या खेपेस मी गेलों तेव्हां मीं त्याला एक प्रयोग करावयास सांगितलें. त्याच स्प्रेडशीटमध्यें रँडबिटवीन नांवाचें सूत्र आहे. शून्य ते नऊ यांतला कोणताही अंक दे असें म्हटलें कीं तें एक अंक वाटेल तसा टाकतें. तें सूत्र त्यानें एक हजार ओळींत उतरवलें आणि वर आपलें काउंटइफ लावलें. हजार ओळी आणि दहा अंक. प्रत्येकाच्या वांट्यास शंभर यावेत अशी आपली समजूत. पण तसें होत नाहीं. कोणता तरी अंक एकशेंपंधराच्या आसपास चढतो, कोणता तरी पंचाऐशींच्या आसपास रेंगाळतो. त्यानें रंग दिले. तांबडे आले, निळे आले. हुबेहूब त्याच्या सोडतीच्या वहीसारखी वही तयार झाली. मग मीं त्याला एफ-नाइन ही कळ दाबण्यास सांगितलें. ती दाबली कीं सगळे हजार अंक नव्यानें पडतात. जो तांबडा होता तो निळा झाला, जो निळा तो मधलाच झाला, आणि भलताच एक अंक तांबडा होऊन बसला. त्यानें पुन्हां दाबली. पुन्हां दाबली. वीसएक वेळां दाबली असेल. आम्ही दोघेही कांहीं बोललों नाहीं.

मला वाटलें, झालें, समजला. परंतु तो म्हणाला, "पाद्रीसाहेब, हे यंत्रानें टाकलेले अंक आहेत. माझे अंक खरे आहेत. मीं ते दोन वर्षें बसून उतरवले आहेत."

या वाक्यांत सारी गोष्ट आहे असें मला वाटतें, आणि म्हणून या ठिकाणीं मी अधिक वेळ घेणार आहें. त्याला पहिल्या भेटींत मीं म्हटलें होतें कीं बाबा रे, हा जुगार आहे. त्यावर त्याचें उत्तर तयार होतें. हा मटका नव्हे, सरकारची लॉटरी आहे. आणि जुगारी डोळे मिटून लावतो, मी अभ्यास करून लावतों. पहिला मुद्दा खरा आहे. केरळ सरकारनें १९६७ साली व महाराष्ट्र सरकारनें १९६९ साली आपल्या लॉटऱ्या सुरू केल्या. १९९८ साली दिल्लीच्या संसदेनें त्यांविषयीं कायदाही केला. मटक्याला कायद्याचा आधार नाहीं. पण आंकड्यांपुरतें पाहिलें तर फरक कोठें आहे? मुंबईंत पूर्वीं न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व बंद भाव तारेनें येत, आणि लोक त्या भावांच्या आंकड्यांवर पैसे लावीत. तो प्रकार थांबल्यावर १९६२ साली कल्याणजी भगत यानें व १९६४ साली रतन खत्री यानें आपापले मटके चालू केले. मटका म्हणजे मडकें. त्यांतून चिठ्ठी काढावयाची, पुढें पत्ते आले. कापसाच्या भावाला निदान पाऊस, कीड, मागणी अशीं कारणें तरी होतीं. मडक्यांतल्या चिठ्ठीला तींही नाहींत. तरी मागच्या आंकड्यांचे तक्ते ठेवून पुढचा आंकडा सांगणारे जाणकार त्या काळापासून या काळापर्यंत तेच आहेत. वहीच्या जागीं संगणक आला, एवढेंच.

दुसरा मुद्दा अवघड. अभ्यासानें जुगाराचा उद्योग होतो काय? आम्ही आपल्या लोकांस पिढ्यान् पिढ्या शिकवीत आलों कीं कष्ट करा, शिका, हिशेब ठेवा, फुकटचें खाऊं नका. या मुलानें तें सर्व केलें. तो पहांटे उठून अंक उतरवी. त्याला ठाम वाटत होतें कीं बक्षीस लागलें तर तें फुकटचें नसेल, त्याच्या श्रमाचें असेल. आळशी माणसाला लॉटरीचा मोह होतो असें आम्ही व्यासपीठावरून सांगतों. येथें तर उद्योगी माणसाला झाला होता, आणि त्याचा उद्योगच त्याला बांधून ठेवीत होता. कोरड्या विहिरीवर मोट हांकणाऱ्यालाही घाम येतो. बैल खरे, नाडा खरा, घाम खरा. पाटांत मात्र पाणी येत नाहीं. आणि जितका घाम अधिक तितकें विहीर सोडून जाणें जड. दोन वर्षें उतरवलेले अंक त्याला खरे वाटत, तें ते कांहीं सांगत म्हणून नव्हे. त्यानें ते उतरवले होते म्हणून.

सूत्र चालविण्यापूर्वीं तो प्रार्थना करी, हेंही त्यानें सांगितलें. येथें शास्त्राचा विषय निघतो. पवित्र शास्त्रांत चिठ्ठ्या टाकल्याचे दाखले पुष्कळ आहेत: यहोशवाच्या काळीं वतनाची वांटणी चिठ्ठ्यांनीं झाली, योनाला खलाशांनीं चिठ्ठ्या टाकून ओळखलें, मत्थियाची नेमणूक चिठ्ठीनें झाली. म्हणून चिठ्ठी मुळांतच निषिद्ध असें म्हणतां येणार नाहीं. परंतु त्यांपैकीं एकाही ठिकाणीं कोणीं मागच्या चिठ्ठ्यांची यादी ठेवून पुढची ओळखण्याचा यत्न केल्याचें माझ्या वाचनांत नाहीं. चिठ्ठी टाकणें म्हणजे येथून पुढें माझें चातुर्य, माझी आवडनिवड, माझी ओढ चालूं नये असें कबूल करणें. एकदां हात सोडल्यावर तोच हात हळूच पुन्हां आंत घालावयाचा, असें हें आंकडे काढणें आहे. असा हात घालणारा एक जण शास्त्रांत आहे, तो हामान. त्यानें शुभ दिवस काढण्यासाठीं बारा महिन्यांवर चिठ्ठ्या टाकविल्या. तो दिवस उगवला खरा, पण त्यापूर्वींच हामान फांसावर चढला होता.

इंग्लंडांत १६१९ साली टॉमस गॅटकर नांवाच्या एका पाळकानें चिठ्ठ्यांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या काळचे पुष्कळ भक्तिमान लोक म्हणत कीं चिठ्ठी ही देवाची प्रत्यक्ष वाणी, म्हणून खेळांत फांसे टाकणेंही ईश्वरनिंदा. गॅटकर म्हणाला, तसें नव्हे. देवाचा हात चिठ्ठींत जितका, तितकाच पानाच्या गळण्यांत आणि पावसाच्या पडण्यांत. चिठ्ठींत तो अधिक नाहीं, म्हणून चिठ्ठीला गुप्त गोष्ट विचारणें हेंच चुकीचें. त्याच्याच पंथाच्या लोकांनीं त्याला विरोध केला. मला तो बरोबर वाटतो. आणि आम्ही फार ताठ मानेनें बोलूं नये म्हणून हेंही सांगून ठेवतों कीं कलकत्त्याचें सेंट जॉन देवालय, जें १७८७ साली पुरें झालें, त्याला लागलेल्या पैशाचा कांहीं भाग सार्वजनिक सोडत काढूनच उभा केला होता.

तिसऱ्या भेटींत मी त्याच्या वहीकडे पुन्हां पाहत होतों, आणि एकाएकीं माझ्या लक्षांत आलें कीं त्यांत एक रकाना नाहीं. तारीख होती, चार अंक होते, वेळा होत्या, दिवस होते, रंग होते. तिकिटाला किती पैसे गेले हें कोठेंच नव्हतें. ज्यानें मंडळीच्या हिशेबांत मेणबत्तीच्या पुड्याची नोंद कधीं चुकविली नाहीं, त्यानें! मीं विचारलें, "खर्चाचा रकाना कोठें आहे?" तो पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "तो घातला नाहीं." त्याची आई चुलीपाशीं होती. ती पाठ न वळवितां म्हणाली, "माझ्या भिशीचे दोन हप्ते राहिले ते त्यांतच लिही म्हणावें."

रात्रीं आम्ही दोघांनीं बसून तो रकाना भरला. आठवेल तितकें, आणि न आठवे तेथें कमींत कमी धरून. खालीं बेरजेचें सूत्र त्यानें स्वतः लिहिलें. ती रक्कम येथें छापण्याचें कारण नाहीं.

मी निघण्यास उठलों तेव्हां तो म्हणाला, "पाद्रीसाहेब, एक विचारूं? आपल्याजवळ प्रार्थनेची वही आहे. उत्तर आलें कीं आपण तांबड्या शाईनें खूण करतां आणि सभेंत वाचून दाखवितां. आपण तिला कधीं काउंटइफ लावून पाहिलें आहे काय?"

उपदेशक बंधूंनो, तुमच्यापैकीं पुष्कळांजवळ अशी वही आहे, म्हणून मी हें झांकून ठेवीत नाहीं. मीं त्याला त्या वेळीं सेमिनरींत शिकलेलें उत्तर दिलें. प्रार्थना ही उद्यांचें जाणून घेण्याची कळ नव्हे. ज्याच्याजवळ मागतों तो यंत्र नव्हे, पिता आहे. तो नाहींही म्हणूं शकतो. उत्तर खरें आहे, आजही मी तेंच देईन. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मग वहींत नुसतें होच कां लिहिलें आहे?"

घरीं येऊन मीं माझी वही काढली. तिच्यांत एका बाळाच्या तापाविषयीं नोंद आहे. मंडळीनें तीन दिवस उपास केला होता. चौथ्या दिवशीं मीं त्याला माती दिली. मागितल्याची ओळ आहे. तिच्यापुढची जागा कोरी आहे. अशा कोऱ्या जागा किती आहेत हें मीं पूर्वीं मोजलें नव्हतें. त्या रात्रीं मोजल्या, आणि प्रत्येकीपुढें जें झालें तें काळ्या शाईनें लिहिलें. त्यानें प्रार्थनेवरचा माझा भरंवसा गेला काय, असें कोणी विचारील. गेला नाहीं. पण तांबड्या खुणा पुरावा म्हणून सभेंत वाचून दाखविणें मीं तेव्हांपासून सोडलें आहे, आणि त्या बाळाच्या आईबापांस मी आतां भेटतों तेव्हां पूर्वींपेक्षां कमी बोलतों.

उपदेशक बंधूस मीं कळविलें कीं हिशेब त्याच्याच हातीं राहूं द्यावा. मात्र दर महिन्यास जमा व खर्च दोन्ही मंडळीपुढें मोठ्यानें वाचावे, आणि हा नियम केवळ त्या तरुणासाठीं नसून जेथें जेथें माझ्या हातून पैसा जातो तेथेंही लागू करावा. त्यांना हें उत्तर पटलें असें नाहीं. तसें त्यांनीं लिहिलेंही.

मागच्या महिन्यांत त्यानें ती वही मला पुन्हां दाखविली. तांबडे-निळे रंग अजून आहेत. खर्चाचा रकानाही आहे. त्यांत त्या महिन्याच्या दोन आठवड्यांपुढें शून्य होतें, आणि दोन आठवड्यांपुढें नव्हतें.